दाजी, पाणी अजून आत येत होतं

दाजी, तुम्हाला मी चुकीच्या पाण्यावर सोडलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात चालेल. तुम्ही मागितलं होतंत ते एवढंच, की तुमच्या अस्थी रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी, सुकती लागल्यावर सोडायच्या. ओहोटीला आपल्याकडे सुकती म्हणतात, आणि सुकतीवर सोडलेला माणूस आपसूक बाहेर समुद्रात जातो, असा तुमचा साधा हिशेब होता. बोट मी नेली, वेळ मी ठरवली, आणि तुम्हाला भर भरतीवर सोडून मी निवांत परत आलो. थोड्या वेळाने तुम्हीही आलात.

महिना होत आला त्याला. अजून बर्फाच्या कारखान्यात जाताना मी जेट्टीचा रस्ता टाळतो आणि बाजारातून वळसा घालतो. कामगार समजतात, दाजींच्या आठवणीने साहेबांना जेट्टी बघवत नाही. मी त्यांना तसंच समजू देतो. दुःख आहेच, पण दुःखाने कोणी वळसा घालत नाही, दाजी. वळसा माणूस लाजेपायी घालतो.

आपली ओळख तशी जुनी, पण मैत्री उशिरा झाली. तुम्ही उरणकडचे, मिठागरवाले. आमच्या ताईला बघायला आलात तेव्हा मी शाळेत होतो आणि तुमच्या घट्ट पँटीला हसलो होतो. मग मिठागरं बंदराच्या कामात गेली, त्या पैशांतून ट्रेलर आले, आणि पुढची कितीतरी वर्षं तुम्ही आम्हाला दिवाळीत अर्धा दिवस दिसायचात, तेही फोनवर कोणाला तरी गाडी कुठे अडकली ते विचारताना. साठी आली तशी गाड्या मुलाच्या, प्रशांतच्या गळ्यात घातल्यात आणि ताईला घेऊन थेट आमच्या गावात घर केलंत. मी नाक्यावर सांगत सुटलो की आमचे दाजी म्हातारपणी घरजावई झाले. तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, घरजावई बायकोसाठी होतात, मी तर बोटीसाठी झालोय.

ते खरंच होतं. मांडव्याला कुणा मुंबईच्या हौशी माणसाची फायबरची बोट उन्हात पडून होती, ती तुम्ही घेतलीत. दोन माणसं गुडघे मुडपून बसतील एवढी केबिन, मागे लावायचं इंजिन, आणि एक शीड, जे पहिल्या वर्षी आपण उलटं बांधायचो. बोटीला नाव द्यायचं ठरलं तेव्हा तुम्ही ताईचं नाव सुचवलंत. ताई म्हणाली, माझं नाव घालून मला चिखलात रुतवू नका. मग ती बोट बिननावाचीच राहिली.

बोटीवर मला घेतलंत ते का, हे मी कधी विचारलं नाही. बाबांचा मासेमारीचा मचवा होता खरा, पण त्यांनी तो माझ्या लहानपणीच विकला होता, आणि माझा समुद्राशी संबंध एवढाच की बोटवाल्यांना बर्फ माझ्याकडून जायचा. तरी मी दर्यावरचा पोर म्हणून तोंड वर करून बसायचो. तुम्ही मिठागरावर वाढलात. उधाणाच्या दिवशी बांधाची उघाडी कधी उघडायची, पाणी किती आत घ्यायचं आणि दार कधी पाडायचं, हे तुम्ही अंगणात खेळावं तसं शिकलात. पाणी तुम्हाला कळत होतं. मला पाण्याबद्दल बोलता येत होतं.

पहिल्या फेरीचं आठवतं? सुकती जोरात बाहेर चालली होती आणि आपण बाहेरून आत येत होतो. तुम्ही इंजिन पूर्ण वेगात सोडलंत, बोटीच्या दोन्ही बाजूंनी पाणी फसफसून मागे पळत होतं, आणि मी खुशीत होतो की काय वेग आहे. मग माझं लक्ष कोर्लईच्या काठावरच्या एका वाकड्या माडाकडे गेलं. तो हलेना. आपण अर्धा तास त्या एका माडासमोर उभे होतो, इंजिन बोंबलतंय आणि काठावर एक बाई भांडी घासता घासता आपल्याकडे बघतेय. शेवटी तिने हाक मारून विचारलं, कुणाची वाट बघता का. तुम्ही इंजिन बंद करून एवढे हसलात की बोट सरळ मागे वाहत गेली.

त्या दिवसापासून तुमचा एकच धडा सुरू झाला. पाण्याशी भांडायचं नाही, त्याची वेळ विचारायची. आणि वेळ कशी विचारायची, यावर आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

माझ्याकडे बाबांचा हिशेब होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा-बाराला भरती, अष्टमीला सहाला, मधलं सगळं पाऊणपटीने काढायचं. आमच्या किनाऱ्यावर शेंबडं पोरही हे बोटांवर मोजतं. तुम्ही मोबाईलवर भरतीचं टेबल उघडायचात, आणि ते उघडूनसुद्धा आधी पाण्याकडे बघायचात. तुमचं म्हणणं असं की पाऊणपट पुनव-अवसेच्या आसपास ठीक, पण अष्टमी ते एकादशीच्या त्या भांगाच्या दिवसांत पाणी आळसावतं, पाऊणपटीच्या मागे पडतं, कधी तासभर. शिवाय खाडीच्या तोंडाशी पाणी चढायचं थांबलं तरी आत ओढायचं थांबत नाही. मी म्हणायचो, आमच्या बापजाद्यांनी काय मोबाईल बघून मासे मारले? तुम्ही म्हणायचात, "तुज्या बापानं नंतर पानी बघून हिशेब दुरुस्त केला असंल, नंदू. तू नुसता हिशेबच घेतलास."

हे तुमचं वाक्य मला फार लागायचं. बरोबर होतं म्हणून जास्त.

दिघीला जाताना मी एकदा तुम्हाला माझ्या पाऊणपटीवर नेलं. राजपुरीच्या खाडीत शिरलो तर पाणी समोरून, जंजिऱ्याच्या तटाला घासून बाहेर निघालेलं. किल्ल्याला नेणाऱ्या होड्या शिडं फुगवून तिरक्या चालल्या होत्या, तोंड एकीकडे आणि जाणं दुसरीकडे. बोटीचं नाक पार खाडीच्या आतल्या डोंगराकडे धरलंत आणि बोट आडवी सरकत सरकत बरोबर दिघीच्या धक्क्याला लागली. तेव्हा म्हणालात की ताईशी बोलतानाही तुम्ही असंच करता, जायचं दिघीला असतं आणि तोंड आतल्या म्हसळ्याकडे. धक्क्यावर मला तुम्हाला भज्यांची प्लेट द्यावी लागली, कारण पैज लागली होती. मी भजी खाताना पंचांगवाल्याला शिव्या दिल्या. हार काही कबूल केली नाही.

आणि मग ती सकाळ, जेव्हा आपण बरोबर वेळेला, म्हणजे तुमच्या वेळेला, राजपुरीच्या खाडीत मांदाडच्या दिशेने आत शिरलो. भरती नुकती लागलेली. तुम्ही इंजिन बंद केलंत आणि म्हणालात, आता आपण प्रवासी. दोन्ही बाजूंना डोंगर पाण्यापर्यंत उतरलेले, झाडी एवढी जवळ की आतल्या माकडांचं भांडण ऐकू येत होतं. पाणी हिरवं, वर एक सुरकुती नाही, आणि तरी बोट भराभर आत चाललेली. कोणीही वल्हवत नाही, कोणीही ढकलत नाही. एका वळणावर कांदळवनातून बगळ्यांचा थवा उठला आणि आपल्या डोक्यावरून गेला. आपण तोंड उघडून बघत राहिलो. मला वाटतं त्या सकाळी आपण दोघं तासभर एक शब्द बोललो नाही, आणि आपल्या दोघांच्याही बायकांना हे सांगितलं तर खरं वाटणार नाही.

हरिहरेश्वरच्या खडकांखालून जाताना तुम्ही मला सुकाणू दिलंत आणि स्वतः पुढे जाऊन बसलात, पाठ माझ्याकडे. तिथलं पाणी कसं आहे, तुम्हाला ठाऊक आहे. लाट खडकावर आपटून परत येते, समोरून दुसरी येते, आणि दोघींच्या मध्ये बोट नाचते. मी घाबरून ओरडलो की तुम्ही या मागे. तुम्ही मान न वळवता हात हलवलात, चाललंय ते ठीक आहे असा. बाणकोटच्या खाडीत शिरेपर्यंत तुम्ही एकदाही वळला नाहीत. माझ्यावर एवढा विश्वास माझ्या बापानेही टाकला नव्हता. तेव्हा आभार मानायचे राहिले, दाजी. आता मानतो तर ते मला शोभत नाहीत.

तुमचं ते मागणं गणपतीनंतरचं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आपण खाडीच्या तोंडाशी होतो आणि समोरून निर्माल्य आत येत होतं. हार, दुर्वा, केवड्याची पानं, एक पाटही. तुम्ही चिडलात. म्हणालात, "लोक देवाला पन भरतीवर सोडतात. देव बिचारा परत येतो." मग थोड्या वेळाने, हार काठीने बाजूला सारता सारता, म्हणालात की तुमचं काही झालं तर निदान तुम्हाला तरी सुकतीवर सोडावं. आयुष्य उघाडीच्या आत गेलं, मग नाक्यावरच्या ट्रेलरांच्या रांगेत गेलं, आता बाहेर जायचंय. मी म्हणालो, तुम्हाला मीच सोडीन, पाऊणपट करून. तुम्ही मोठ्याने हसलात आणि म्हणालात, मग तर मी येणारच परत.

हे चेष्टेत बोललेलं होतं. चेष्टेतलं बोलणं मी खरं करून दाखवलं.

तुम्ही गेलात त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. ताई उशाशी होती, प्रशांत उरणहून वेळेत पोचला, एवढं पुरे. अस्थींचं मडकं परसातल्या चिंचेला बांधलं होतं. भटजी म्हणाले, एकादशीच्या सकाळी, दुपारच्या आत कधीही चालेल, पाण्याचं तुम्हीच बघा. म्हणजे दोष द्यायला मला भटजीसुद्धा उरलेला नाही. वेळ पूर्ण माझ्या हातात होती.

एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला भरती पूर्ण, नऊला पाणी चांगलं बाहेर लागलेलं, नऊला सोडू. मी सगळ्यांना असं सांगितलं. प्रशांतने खिशातून मोबाईल काढला आणि हळूच विचारलं, मामा, टेबल बघू का एकदा, पप्पा बघायचे. मी त्याच्यावर खेकसलो. म्हणालो, ठेव तो आत, आज तरी बापाला मोबाईलवर नको नेऊस. डोळे पुसत त्या पोराने मोबाईल आत ठेवला.

का खेकसलो ते सांगतो. दुःखाचं कारण मी लोकांना दिलं असतं, तुम्हाला ते पटणार नाही. मला तो वाद जिंकायचा होता, दाजी. इतकी वर्षं तुम्ही जिंकत होतात, आणि आज उत्तर द्यायला तुम्ही नव्हतात. तुमच्या अस्थी माझ्या बापाच्या हिशेबावर सुखरूप समुद्रात गेल्या असत्या, तर मी मनातल्या मनात म्हणालो असतो, बघा, गेलात ना पाऊणपटीवर. माणसाचं मढं घरातून गेल्यावर त्याच्याशी हुज्जत घालणारा दुसरा कोणी असेल असं मला वाटत नाही.

बोटीवर मी, प्रशांत, भटजी आणि तुमचे थोरले बंधू आण्णा. बायका जेट्टीवर राहिल्या. ताई अगदी खाली, पाण्याजवळच्या पायरीवर येऊन उभी राहिली. तोंडाशी जाताना मला दिसलं की नांगरलेल्या होड्यांची तोंडं समुद्राकडे आहेत. पाणी आत येत असलं की होडी त्याच्याकडे तोंड करते, हे मला तुम्ही शिकवलं होतं, आणि त्याआधी बाबांनीही. मी म्हटलं, वारा असेल. वारा नव्हता. झावळीचं पातंही हलत नव्हतं.

मडकं फोडून आतलं पाण्यात ओतायचं, असं भटजींनी सुचवलं. आण्णा म्हणाले, नको, भावाला तुकड्यातुकड्याने कशाला सोडायचं, अख्खं जाऊ दे. मग पांढऱ्या फडक्याने तोंड बांधलेलं मडकं, त्यावर झेंडूचा हार, प्रशांतने दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवलं. ते बुडालं नाही. हलकं होतं, तरंगलं. प्रशांतने हात जोडले आणि भटजींनी सांगितलं, आता मागे बघायचं नाही. तशी रीतच आहे. सोडल्यावर मागे वळून बघायचं नाही, गेलेल्या माणसाचा पाय अडकतो म्हणतात. आम्ही चौघेही जेट्टीकडे तोंड करून बसलो. मी इंजिन अगदी सावकाश ठेवलं, घाई दिसू नये म्हणून. कोणी वळलं नाही. आणि आमच्या मागून, त्याच पाण्यावर, तुम्ही येत होतात.

एकाने जरी रीत मोडून मान वळवली असती तर मी बोट फिरवली असती, मडकं उचललं असतं, पाणी वळेपर्यंत तास-दोन तास तिथेच थांबलो असतो. पण आम्ही कसले वळतो. तुम्हाला नीट निरोप द्यायचा म्हणून आम्ही ताठ बसून राहिलो.

जेट्टीवर उतरून पाय धुतले, कोणीतरी चहा आणला. माझ्या हातात कप होता. दोन मच्छीमार बोटींच्या मधून पिवळं काहीतरी आत आलं, फिरलं, आणि जेट्टीच्या पायऱ्यांकडे सरकू लागलं. हार अर्धा सुटला होता. मडकं तसंच, फडकंसुद्धा सुटलं नव्हतं. बोटींवरची माणसं माझीच गिऱ्हाइकं, रोज बर्फ नेणारी. त्यांना काय झालंय ते बघताक्षणी कळलं. एकाने माझ्याकडे बघितलं आणि लगेच जाळं आवरायला खाली वाकला. त्याच्या त्या वाकण्याने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आण्णांचा चेहरा लाल झाला. कोणी ठरवली ही वेळ, इथे कोणाला पानी कलत न्हाय काय, असं ते बोलायला लागले. मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो, असं मला वाटतं, पण आता त्याची शपथ घेणार नाही. तेवढ्यात ताई पाण्यात उतरली, गुडघाभर, लुगड्यासकट, आणि मडकं तिने दोन्ही हातांत घेतलं.

"त्यांना घरीच यायचं व्हतं," ती म्हणाली. "गेले न्हाय ते. मना बघायला आले."

सगळ्या बायका रडायला लागल्या. आण्णांचेही डोळे भरले. ताईनेच मग प्रशांतला जवळ बोलावून सांगितलं, आता कुठे नेऊ नको, इथेच सोड. भटजी म्हणाले, पाणी सगळं एकच. प्रशांतने फडकं सोडलं आणि पायरीवरून तुम्हाला पाण्यात ओतलं. राख क्षणभर वर राहिली, मग आत सरकली, साळावच्या पुलाच्या दिशेने, रोह्याकडे. समुद्राच्या बरोबर उलट. दुपारच्या सुकतीने थोडी बाहेर गेली असेल, अशी मी मनाची समजूत घालतो. पण खाडीचा चिखल आलेलं सगळं परत देत नाही, हे मिठागरवाल्याला मी काय सांगू.

पुढचं याहून लाजिरवाणं आहे. ताईचं ते वाक्य गावभर झालं. बायका बसायला यायच्या त्या हेच ऐकायला. नवरा असावा तर असा, सोडून आले तरी माघारी आला. कोणी कोर्लईहून आलं, कोणी चौलहून. ताई सांगायची, दरवेळी तेवढंच, आणि सांगून झालं की दोन घास खायची. मी तिथे असलो तर एखादी म्हातारी माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, तूच रे आणलंस त्यांना. मी मान खाली घालायचो. लोकांना वाटायचं, किती साधा माणूस.

मी स्वतःला बजावत होतो की ताईच्या जेवणासाठी गप्प बसणं बरं. पण तिच्या जेवणाआड मी स्वतःला लपवत होतो. आण्णांनी विचारलेला प्रश्न तसाच हवेत राहिला होता, आणि तो तसाच राहिला याचं मला बरं वाटत होतं. तुम्ही असतात तर एका वाक्यात मला उघडं पाडलं असतंत आणि वर भजी खायला नेलं असतंत.

परवा दुपारी मी ठरवून ताईकडे गेलो. ती परसात बसून सुकट निवडत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. पाऊणपट, प्रशांतचा मोबाईल, होड्यांची तोंडं, आणि वाद जिंकायचा होता तेही. तुम्ही तिच्यासाठी आला नव्हतात, माझ्या चुकीने आलात, हेही सांगून टाकलं. ती सुकट निवडत राहिली. मला वाटलं, आता हिचं उरलंसुरलंही मी काढून घेतलं.

मग ती म्हणाली, ठाऊक आहे.

मी म्हणालो, काय ठाऊक आहे?

तिने सांगितलं. आमची बोट सुटली तेव्हा ती पायरीवर उभी होती आणि पाय कोरडे होते. आम्ही होड्यांच्या पुढे जाईपर्यंत पाण्याने पायाची बोटं भिजवली, आणि आम्ही तोंडाशी पोचलो तेव्हा घोटा बुडाला होता. ती मचव्यावाल्याची मुलगी, दाजी. माझ्याआधी बाबांच्या हाताखाली तीच होती. पाणी चढतंय हे कळायला तिला ना तिथी लागत होती ना टेबल.

मी विचारलं, मग हाक का नाही मारलीस? प्रशांतच्या खिशात फोन होता, कोणीही लावला असता.

"कशाला मारू?" ती म्हणाली. "जन्मभर मी त्यांना सोडायला येत व्हते. उरणला गाडीपर्यंत, इथं जेट्टीपर्यंत. मना एकदा आणायला जायचं व्हतं."

ती खाली बघतच म्हणाली की आता तूही मला दोष दे, तुझ्या दाजींचं मागणं मी मोडलं. मी कसला दोष देणार. महिनाभर मी एकट्याने लाजेचं गाठोडं वाहत होतो, जणू तुम्ही फक्त माझे होतात, आणि तुम्हाला पोचवायचं की ठेवायचं हे माझ्या आणि तुमच्या वादातलं प्रकरण होतं. त्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईला तुमच्याबद्दल काही हवं असेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. तुमच्याही आलं नव्हतं, दाजी, रागावू नका. तुम्ही मला सुकतीचं मागणं सांगितलंत तसं तिला कधी विचारलं होतंत का?

उठायला लागलो तर ताईने मला परत बसवलं. सुपातली सुकट बाजूला केली, हात पदराला पुसले, आणि विचारलं, "बाहेर काय व्हतं रे एवढं?"

मला आधी समजलंच नाही. मग कळलं की तिला खरंच ठाऊक नाही. बाबांचा मचवा तिने वाळूवर ओढला, जाळी सुकवली, पण त्यावर चढून ती कधी खाडीबाहेर गेली नव्हती, बाईमाणूस म्हणून. आणि मग आपली बोट आली. त्या बोटीत तिसऱ्या माणसाला जागा होती. केबिनमध्ये नाही, पण पुढे होती, जिथे तुम्ही पाठ करून बसायचात तिथे. इतक्या फेऱ्यांत आपण तिला डबा बांधायला सांगितला, दोरी सोडायला सांगितली, परतायची वेळ सांगितली. चल म्हटलं नाही.

मी सांगायला लागलो. खाडीचं तोंड, कोर्लईचा किल्ला समुद्राकडून कसा दिसतो, काशीदची वाळू लांबून कशी पांढरी रेघ होते, मुरुडसमोर पाण्यात उभा असलेला कासा किल्ला, राजपुरीला तटाखालून पळणारं पाणी, मांदाडचे डोंगर आणि ते बगळे. ती मधेमधे विचारायची, पाणी कोणत्या रंगाचं, तुम्ही तिथे काय खाल्लंत, ते तेव्हा काय म्हणाले. दिवेलागण झाली आणि मी अजून दिवेआगरच्या पुढे गेलो नव्हतो. किती होतं, दाजी. आपण दोघांनी किती बघितलं होतं. सांगता सांगता माझी मान खाली जात होती, आणि ती पुढे सरकून म्हणत होती, मग?